दोरा

मॅडमनी वहीत तीन रकाने आखून दिलेत:
खाल्ली. नेली. जागेवर.
अक्षर माझं. शाळा चौथीपर्यंतच, पण गिचमिड नाही.

दाजीपूरच्या वर, धनगरवाड्याच्या पाठीमागं
नरक्याचं एकच झाड उरलंय फळं धरणारं.
बाकीची मनगटाएवढी, त्यांना अजून वेळ आहे.
त्याच्याखाली चाळीस बिया मांडल्या,
एकेकीला भोक पाडून हातभर गळाचा दोरा,
दोऱ्याच्या टोकाला लाल फीत.
धाकलू एडगे शेळ्या घेऊन थांबला, म्हणाला,
"बियांची वरात काढलीस काय रं, बमू?"

मार्गशीर्षातली थंडी. पाला वाळलेला, तरी ओला.
पहाटे जाऊन बघतो तर
एकतीस फिती इकडं तिकडं विस्कटलेल्या,
टोकाला नुसती टरफलं,
त्यांवर दातांच्या दोन-दोन बारीक रेघा,
सुतारानं पटाशीनं काढाव्यात तशा.
रानउंदीर.
मी लिहिलं: खाल्ली, खाल्ली, खाल्ली,
मग हात दुखला, खाली नुसत्या खुणा केल्या.

पाखरांचं वेगळं. ती वरच्यावर जेवतात.
जांभळं-काळं फळ बुलबुल चोचीत फिरवतो,
गर सोलतो, बी तिथंच टाकतो,
पंगतीत खरकटं टाकावं तशी.
कुर्टुक तेवढा अख्खं गिळतो
आणि ओढ्यापल्याड जाऊन बसतो.
म्हणून मॅडमचा जीव कुर्टुकावर.
पल्याडच्या कातळावर त्यांनी मला पांढरी शीट दाखवली,
तीत बी, घासून ठेवल्यासारखी स्वच्छ.
"बघा बमूदादा, पोचली!"
पोचली खरी.
पण कातळावर.

मॅडमनी एकदाच विचारलं, इथली मोठी झाडं कुठं गेली.
मी पाण्याची बाटली शोधत राहिलो.
थोरली झाली त्या साली
टेम्पो यायचा रात्रीचा, दिवे विझवून.
ओल्याला किलोमागं अकरा रुपये, वाळलेल्याला जास्त.
नरक्या कापला की असा वास सुटतो,
गुरंसुद्धा तोंड फिरवतात.
आठवडाभर हात धुतले तरी भाकरीला लागायचा.
कॅन्सरवर औषध करतात म्हणं, लांब कुठंतरी.
आम्ही म्हटलं, मग पुण्याचंच काम की.
पुढं मेहुणी सुंदरा कोल्हापुरात दवाखान्यात पडली
तेव्हा सलाईनच्या बाटलीला मी नाक लावून बघितलं.
वास नव्हता.
नर्स म्हणाली, मामा, हात नका लावू.

उरल्या नऊ.
पाच जागेवर.
एकीवरनं गवा चालून गेला, खुराच्या ठशात चेपून बसली,
ती कुठल्या रकान्यात घालायची ते विचारायचं राहिलं.
तीन नेल्या.
एक पडल्या ओंडक्याच्या पोकळीत, टरफल.
दुसरीची फीतही नाही, दोराही नाही. मॅडम म्हणतात, असं होतं.

तिसरी सापडली सव्वीस पावलांवर.
फीत वर, दोरा मातीत गेलेला,
त्यावर पाला ओढून नीट झाकलेला,
उद्याची सोय करावी तसा.
शेजारी बुंधा. कुजून मऊ झालाय, अळंबी धरलीय,
पण एका अंगाला घाव अजून दिसतोय,
तिरका, खालनं वर.
डाव्या हाताचा कोयता.
या वाडीत डावखुरा मी एकटाच.

नियम असा, की दोरा हळू ओढून बघायचा,
बी आहे का टरफल.
मी फीत चिमटीत धरली. ताण लागला.
खाली काहीतरी होतं, धरून बसलेलं.
सोडून दिली.

रात्री तो परत येईल, वासावर बरोबर येईल.
नाहीतर वाटेतच घुबडानं उचललाही असेल.
उंदीर मरावा म्हणून आजवर कणगीपायी झुरलो,
बीपायी पहिल्यांदाच.

संध्याकाळी मॅडम विचारतात, "तिसरी मिळाली?"
मी वही पुढं करतो.
रकान्यांच्या बाहेर, समासात लिहिलंय:
दोरा मिळाला.